तातडीची गोळी: एक, दोन, माला-डीच्या चार-चार, की तांबी? अनुभव सांगा

रानजाई (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची आहे. आम्ही निरोधच वापरतो आणि आजवर काही अडचण आली नव्हती, पण शनिवारी रात्री साधारण अकराला फाटला आणि ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आता आमचं गाव तालुक्याचं. मेडिकल दोनच, एकाच्या काउंटरवर सासऱ्यांचे रोजचे मित्र बसलेले असतात आणि दुसरं नवऱ्याच्या वर्गमित्राचं. रविवारी सकाळी नवरा गेला, दुकानात चार माणसं होती, त्याच्या तोंडून शब्दच फुटेना, तो खोकल्याचं औषध घेऊन परत आला. मी चिडले नाही कारण मी गेले असते तर माझंही तेच झालं असतं. शेवटी सोमवारी बँकेचं काम आहे असं घरी सांगून एसटीने जिल्ह्याला गेले आणि दुपारी दीडला स्टँडवरच्या बाकावर बसून गोळी घेतली. म्हणजे ३८ तास गेले हो.

दरम्यान फोनवर तीन जणींनी तीन गोष्टी सांगितल्या. जाऊबाई म्हणाल्या की मेडिकलची गोळी कशाला, माला-डीच्या, म्हणजे रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांतल्या, चार घे आणि परत बारा तासांनी चार घे, आम्ही तेच करायचो. कॉलेजची मैत्रीण म्हणाली दोन गोळ्या असतात, बारा तासांच्या अंतराने. मावसबहीण नर्स आहे, ती म्हणाली सरळ तांबी बसवून घे. मला दुकानदाराने १.५ मिग्रॅची एकच गोळी दिली, १००-१२५च्या मधे काहीतरी पैसे घेतले. आता रात्र झाली आणि डोक्यात तेच चालू आहे, दुसरी गोळी घ्यायची राहिली का माझी? आणि सहा वाजता एक उलटी झाली, ती गोळी पडून गेली असेल का? कोणी यातलं काय काय घेतलंय, काय त्रास झाला, कुठलं जास्त खात्रीचं, नीट सांगा प्लीज.

---

मेतकूट_भात | मंगळवार, पहाटे १२:२०

रानजाई, आधी एक दीर्घ श्वास घे गं. दुसरी राहिलेली नाहीये.

मी २००६ साली औरंगाबादला हॉस्टेलला होते तेव्हा दोन गोळ्यांचंच पाकीट मिळायचं, ०.७५ ची एक आता आणि ०.७५ ची एक बारा तासांनी. माझ्या रूममेटने पहिली दुपारी तीनला घेतली म्हणजे दुसरी पहाटे तीनला, आम्ही दोघींनी गजर लावला होता आणि रेक्टर बाईंना ऐकू जाईल म्हणून तो उशीखाली ठेवला होता. ती बिचारी रात्रभर झोपलीच नाही, चुकून झोप लागली तर, या भीतीने. मग २००७ ला ती एका गोळीची जाहिरात टीव्हीवर लागायला लागली, तुझ्या गोळीत त्या दोन्ही एकत्र आहेत. तुझ्या मैत्रिणीने सांगितलं ते खोटं नाही, जुनं आहे.

---

अबोली | मंगळवार, सकाळी ६:४०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सांगली जिल्ह्यात २२ वर्षं प्रॅक्टिस. राउंडला निघण्याआधी लिहितेय म्हणून जरा घाईत.

रानजाई, तुझी गोळी पोटात गेलेली आहे. दीडला घेतली, उलटी सहाला, मधे साडेचार तास. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तरच परत घ्यावी लागते. तू निवांत रहा.

एक की दोन: मेतकूट म्हणते ते बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेने याचा मोठा अभ्यास केला होता, दहा देशांतल्या ४००० हून जास्त बायका, २००२ मध्ये तो छापून आला. दीड मिग्रॅ एकदम घेतलेल्यांत १.५ टक्के बायकांना दिवस गेले, बारा तासांच्या अंतराने घेतलेल्यांत १.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच, आणि दुसरी गोळी विसरण्याची भीती गेली. म्हणून आता एकदमच द्यायची. कोणाच्या घरी ०.७५ चं जुनं पाकीट असेल तर तारीख बघा, मुदतीत असेल तर दोन्ही एकाच वेळी घ्या.

माला-डीचं: तुझ्या जाऊबाईंचा उपाय गावठी नाही बरं का. तो १९७० च्या दशकात कॅनडातल्या डॉ. युझपे यांनी मांडला, त्यांच्या नावानेच ओळखला जातो, आणि वेगळी गोळी मिळत नव्हती तेव्हा जगभर तोच वापरला. माला-डीच्या एका पांढऱ्या गोळीत ०.१५ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल (तुझ्या तातडीच्या गोळीतलं तेच हार्मोन) आणि ०.०३ मिग्रॅ इस्ट्रोजेन असतं, म्हणून चार आणि बारा तासांनी परत चार. पण १९९८ साली याच दोन पद्धती समोरासमोर ठेवून तपासल्या तेव्हा युझपेच्या पद्धतीने ३.२ टक्के बायकांना दिवस गेले, नुसत्या लेव्होनॉरजेस्ट्रेलने १.१ टक्के. मळमळ युझपेत निम्म्या बायकांना आणि उलटी जवळपास पाचात एकीला, आणि उलटी झाली की गोळी वाया. त्यामुळे दुसरं काही मिळतच नसेल, रात्र आहे, पाऊस आहे, रस्ता बंद आहे, तर माला-डी. मिळत असेल तर नाही.

१९९८ च्या त्याच अभ्यासातला नुसत्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या वेळेचा हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवावा. पहिल्या २४ तासांत घेतली तर राहू शकणारे गर्भ ९५ टक्के टळले, २५ ते ४८ तासांत ८५, ४९ ते ७२ तासांत ५८. पाकिटावर ७२ लिहिलंय म्हणून ७२ तास आहेत हातात, असं माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या मुली समजतात. कुठली कंपनी, किती रुपयांची, जेवून घ्यायची की उपाशी, याने काही बिघडत नाही. जे बिघडतं ते मेडिकलच्या दारात घुटमळण्यात गेलेल्या तासांनी बिघडतं. हे मी तुला लावून बोलत नाहीये रानजाई, तू ३८ तासांत घेतलीस, चांगलं केलंस.

तांबीबद्दल दुपारी लिहिते. तुझ्यासाठी तो पर्याय अजून उघडा आहे, गुरुवारी रात्रीपर्यंत.

---

पावसाळी_ढग | मंगळवार, सकाळी ९:१५

राग मानू नका, मनापासून विचारतेय. ही गोळी म्हणजे एक प्रकारे गर्भपातच ना? आमच्याकडे आईने असंच सांगितलंय आणि म्हणून मी एकदा गरज असूनही घेतली नव्हती. आठ दिवस जीव टांगणीला लागला होता.

---

मेडिकलवाला_दादा | मंगळवार, सकाळी १०:०५

ढगताई, मी केमिस्ट आहे, नगर जिल्ह्यात दुकान आहे, डॉक्टर बाई नीट सांगतीलच पण माझ्या काउंटरवरचं सांगतो कारण हा गोंधळ रोज बघतो.

दोन वेगळी औषधं आहेत. एक ही तातडीची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल, चिठ्ठी लागत नाही, कोणालाही देता येते. दुसरं गर्भपाताचं किट, त्यात मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल असतं, ते दिवस राहिल्यावरचं, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागतेच आणि अन्न व औषध प्रशासनाची (एफडीएची) त्यावर कडक नजर असते, म्हणून महाराष्ट्रात कितीतरी दुकानदार ते ठेवतच नाहीत. आता होतं काय, माणूस येतो, इकडे तिकडे बघतो, गर्दी कमी व्हायची वाट बघतो आणि हळूच म्हणतो, ‘ती गोळी द्या.’ कुठली ती? मी विचारलं तर घाबरतो. कधी म्हणतो ‘पाडायची’, आणि असतं त्याला कालच्या रात्रीसाठी हवं. नवीन पोरगा काउंटरवर असेल तर तो ऐकतो पाडायची आणि सरळ नाही म्हणून टाकतो. बाईची संधी गेली ना.

म्हणून सगळ्यांना विनंती, ‘७२ तासांची गोळी द्या’ किंवा ‘इमर्जन्सी पिल द्या’ इतकं म्हणा. मोबाईलवर लिहून स्क्रीन दाखवलीत तरी चालतं, माझ्याकडे कितीतरी मुली तसंच करतात, आणि मी ते वाचून गोळी पिशवीत घालून देतो, एक शब्द बोलावा लागत नाही. आणि केमिस्ट बांधवांनो, कोणी वाचत असाल तर, तिला ‘लग्न झालंय का’ हे विचारायचं आपलं काम नाही. किती तास झाले, दुसरं कुठलं औषध चालू आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

---

अबोली | मंगळवार, दुपारी २:३०

मेडिकलवाला दादा, तुमच्यासारखे चार दुकानदार माझ्या भागात असते तर माझं निम्मं काम हलकं झालं असतं.

पावसाळी ढग, गर्भपात नाही. संबंध आल्यावर लगेच गर्भ राहत नाही. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं आणि स्त्रीबीज बाहेर पडण्याची वाट बघतं. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते. वाट बघणारं वाट बघून संपून जातं, भेट होतच नाही. बीज आधीच बाहेर पडलेलं असेल किंवा अगदी पडायच्या बेतात असेल तर गोळी काही करू शकत नाही, म्हणूनच एकेक तास महत्त्वाचा. आणि दिवस राहिलेलेच असतील तर या गोळीने ते पडत नाहीत आणि बाळाला इजाही होत नाही. आईला हे असंच सांग, तिला पटेल.

यातूनच एक गोष्ट येते जी पाकिटावरच्या बारीक अक्षरात कोणी वाचत नाही. बीज पुढे ढकललंय, म्हणजे ते नंतर येणार आहे. गोळी घेतली म्हणून त्या महिन्याचं काम झालं असं समजून चार दिवसांनी परत काळजी न घेता संबंध आले तर दिवस राहण्याची शक्यता उलट जास्त. गोळी मागच्या रात्रीची आहे, पुढच्या रात्रीची नाही. नेहमीच्या गोळ्या सुरू करायच्या असतील तर दुसऱ्या दिवसापासून करता येतात, पहिले सात दिवस जोडीला निरोध.

आता तांबी. पाच दिवसांच्या आत बसवली तर तातडीच्या सगळ्या उपायांत हीच सगळ्यात खात्रीची, शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. तांबं पुरुषबीजाला निकामी करतं, त्यामुळे बीज बाहेर पडलंय की नाही यावर सगळं अवलंबून राहत नाही. वर ३८० ए जातीची तांबी दहा वर्षं चालते आणि सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. अडचण एकच, तपासून बसवणारं प्रशिक्षित माणूस पाच दिवसांच्या आत गाठावं लागतं. रविवारी रात्री दीड वाजता ते कोणाला शक्य आहे? म्हणून मी म्हणते आधी हाताला येईल ती गोळी घ्या आणि मग तांबीचा विचार करा. गोळी घेतली म्हणून तांबीचा रस्ता बंद होत नाही.

---

सायली_पुणे | मंगळवार, दुपारी ३:५०

मी इथे थोडं वेगळं लिहिते. मी आयटीत, लग्न झालेलं नाही, पुण्यात राहते त्यामुळे दुकानांची अडचण नाही, ॲपवर मागवली तर वीस मिनिटांत दारात येते. आणि त्यामुळेच मी मागच्या वर्षी तीन महिन्यांत पाच वेळा घेतली. दर वेळी वाटायचं की एकदाच तर घेतेय. पाळीचा सगळा गोंधळ झाला, एकदा पंधरा दिवसांत आली, एकदा पन्नास दिवस आलीच नाही, मधेच डाग, आणि त्या पन्नास दिवसांत मी किती वेळा टेस्ट केली ते आठवून आजही पोटात गोळा येतो. डॉक्टरांनी ओरडा न करता हिशोब मांडून दाखवला की यापेक्षा रोजची गोळी स्वस्त आणि कितीतरी खात्रीची. शरीराचं कायमचं नुकसान झालेलं नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही हेही. पण तो काळ परत नको.

---

लीड्सकर | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

इकडे इंग्लंडमधला अनुभव लिहिते, कोणाची मुलगी, बहीण इकडे शिकायला असेल तर उपयोगी पडेल. मी फार्मसीत गेले तर फार्मासिस्ट बाई मला शेजारच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या, दार लावलं, आणि विचारलं, कधी झालं, पाळी कधी आली होती, वजन किती, औषधं कुठली. वजन का विचारतायत ते कळेना. तर म्हणाल्या की ७० किलोच्या वर वजन असेल किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २६ च्या वर असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलचा असर कमी पडू शकतो, मग दुप्पट डोस किंवा दुसरी गोळी देतात. ती दुसरी म्हणजे युलिप्रिस्टल, ३० मिग्रॅ, १२० तासांपर्यंत चालते आणि बीज अगदी बाहेर पडायच्या बेतात असतानाही ते थांबवू शकते. मला तीच दिली. फक्त ती घेतल्यावर पाच दिवस हार्मोनच्या नेहमीच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत, नाहीतर दोन्ही एकमेकींचं काम बिघडवतात. मी ७६ किलोची आहे आणि भारतात असताना दोनदा साधी घेतली होती, कोणीही वजन विचारलं नव्हतं.

---

बकुळ७ | मंगळवार, रात्री १०:३०

औषधांचा विषय निघालाच आहे तर, मला टीबीचा कोर्स चालू आहे, चौथा महिना. मागच्या आठवड्यात गोळी घेतली. आता लीड्सकरचं वाचून धास्ती बसली आहे. टीबीच्या औषधांनी पण फरक पडतो का?

---

अबोली | मंगळवार, रात्री ११:०५

बकुळ, पडतो. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की गोळीतलं हार्मोन लवकर बाहेर टाकलं जातं. फिट्सच्या काही औषधांचं तेच, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल, आणि एचआयव्हीवरच्या काही औषधांचंही. अशा बाईला पहिली पसंती तांबी, आणि ते जमत नसेल तर दुप्पट डोस म्हणजे ३ मिग्रॅ देतात. युलिप्रिस्टलही अशांना चालत नाही. तुझे पाच दिवस होऊन गेलेत तेव्हा आता काही घ्यायचं नाही, टीबीची औषधं तर अजिबात बंद करायची नाहीत. संबंध आल्यापासून तीन आठवड्यांनी टेस्ट कर आणि तुझ्या टीबीच्या डॉक्टरांना सांगून ठेव. काहीही निघालं तरी मार्ग आहे, मला विपूमध्ये (खाजगी निरोपात) लिही.

---

कुडाची_भिंत | बुधवार, सकाळी ८:००

मी आशा कार्यकर्ती आहे, अकोले तालुक्यात, माझ्याकडे चार वाड्या. तुम्ही सगळ्या मेडिकलचं बोलताय, माझ्या वाड्यांना मेडिकल बारा किलोमीटर. आमच्या पेटीत ही गोळी असते, इझी पिल नावाची, घरपोच दिली तर दोन रुपये आणि उपकेंद्रात फुकट. हे बायकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं आशाताईकडे फक्त लोहाच्या गोळ्या आणि बाळाचं वजन. रानजाईताई, तुमच्या तालुक्याच्या गावातही आशा असणारच, आणि आम्हाला कोणाचं नाव कोणाला सांगायचं नाही हे शिकवलेलं असतं.

माला-डीच्या चार गोळ्यांचं मी एक बघितलंय ते सांगते. एका बाईने नणंदेचं ऐकून माला-एनच्या (माला-डीसारखीच, पण फुकटची सरकारी गोळी) चार घेतल्या, परत चार घेतल्या, आणि तिला दिवस गेले. मी पाकीट बघितलं तर पांढऱ्या एक सोडून सगळ्या जागेवर आणि चॉकलेटी गेलेल्या. त्या सात चॉकलेटी गोळ्या नुसत्या लोहाच्या असतात हो, पाळीच्या आठवड्यात घ्यायच्या. सात त्यातल्या आणि एक पांढरी अशा आठ झाल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं आणि कोणी पांढरी-चॉकलेटी सांगितलं नाही. तेव्हापासून मी नव्या सुनेला पाकीट देताना रंग दाखवून, बोट लावून सांगते.

आणि छाया गोळी, ती आठवड्याची, ती पण काही जणी तातडीला घेतात. ती तातडीची नाही. पाकीट सारखं सरकारी दिसतं म्हणून घोटाळा होतो.

---

मेतकूट_भात | बुधवार, सकाळी ८:४५

कुडाची भिंत, ताई, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. लिहीत रहा इथे.

---

अबोली | बुधवार, सकाळी ९:३०

आशाताई म्हणतात ते सोन्यासारखं. भर इतकीच की दुकानात मिळणारा गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रत्येक पॅक चार-चार करून चालत नाही. ज्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल आहे त्याचाच हिशोब ठरलेला आहे, नवीन पॅकांत कितीतरी वेळा वेगळंच हार्मोन असतं किंवा इस्ट्रोजेन कमी असतं. आणि ज्या बाईला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती किंवा अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकतं, तिने इस्ट्रोजेनच्या वाटेला न जाता साधी एक गोळीच घ्यावी.

कोणीतरी मला विपूत वेदनाशामक गोळी जोडीला घेण्याबद्दल विचारलंय. हाँगकाँगमध्ये असा अभ्यास झालाय खरा, २०२३ मध्ये आला, लेव्होनॉरजेस्ट्रेलसोबत पायरॉक्सिकॅम ४० मिग्रॅ दिलं तर ९४.७ टक्के गर्भ टळले आणि नुसत्या गोळीने ६३.४ टक्के. आम्हा डॉक्टरांसाठी ती मोठी बातमी होती. पण पायरॉक्सिकॅम पोटाला जड आहे, ॲसिडिटीचा अल्सर, दमा, किडनी असं काही असेल तर घातक. डॉक्टरला विचारून घ्या, घरातली सांधेदुखीची गोळी उचलून नको.

---

निनावी_प्रतिसाद | गुरुवार, पहाटे १:१५

नाव बदलून लिहितेय. संमतीने झालं नसेल तर काय करायचं. पोलिसात जायचं नाहीये.

---

अबोली | गुरुवार, पहाटे १:४०

जागी आहे मी. तुझी काही चूक नाही, हे आधी.

जवळच्या कुठल्याही दवाखान्यात जा, सरकारी असो की खाजगी, उपचार फुकट द्यायचे असा कायदा आहे आणि त्यासाठी आधी तक्रार केलेली असणं बंधनकारक नाही. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तातडीची गोळी, संसर्गाची औषधं, सगळं देण्याचं लिहिलेलं आहे. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं, पण तक्रार द्यायची नाही असं तू सांगू शकतेस आणि तुझा तो नकार ते लिहून घेतात, उपचार थांबवत नाहीत. वय १८ च्या आत असेल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा विश्वासातलं मोठं माणूस बरोबर घे. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, म्हणून सकाळची वाट बघू नकोस. मला विपू कर, तू कुठे आहेस ते सांग, मी त्या भागातल्या डॉक्टरला फोन लावते.

---

निनावी_प्रतिसाद | गुरुवार, पहाटे १:५५

केलं.

---

पावसाळी_ढग | गुरुवार, सकाळी ७:२०

निनावी, आम्ही सगळ्या इथे आहोत गं.

आणि अबोलीताई, काल आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की मला तुझ्यानंतर तीनदा पिशवी साफ करावी लागली होती, तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर. मला हे माहीतच नव्हतं.

---

गोधडी | गुरुवार, सकाळी ११:००

एक शंका, गोळी घेऊनही दिवस राहिले तर? माझ्या वहिनीचं झालं होतं आणि तिला वाटत होतं की आता लपूनछपूनच काही करावं लागेल.

---

अबोली | गुरुवार, दुपारी १:१०

लपूनछपून काही नाही. साधन निकामी ठरलं, हे गर्भपातासाठी कायद्याने मान्य कारण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात ‘पती’ ऐवजी ‘जोडीदार’ आहे, म्हणजे लग्न झालेलं नसलं तरी लागू. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, सज्ञान बाईची स्वतःची सही चालते, नवऱ्याची लागत नाही. तुमचं नाव उघड करणं हा डॉक्टरचा गुन्हा ठरतो. उशीर फक्त करू नका. आणि गोळी घेतल्यावर पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर असं काही झालं तर लगेच दवाखाना, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

---

रानजाई (धागाकर्ती) | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:१५

मैत्रिणींनो आणि मेडिकलवाला दादा, सांगायला आलेय. तारखेच्या सहा दिवस उशिरा, काल पाळी आली. त्या आधी चार दिवस मी आशाताईंकडून निश्चय किट आणून टेस्ट केली होती, निगेटिव्ह होती तरी धीर निघत नव्हता. गोळी घेतल्यानंतर आठवड्याने थोडे डाग पडले होते आणि मला वाटलं आलीच पाळी, बरं झालं मी अबोलीताईंना विपूत विचारलं, नाहीतर टेस्ट केलीच नसती.

नवऱ्याने हा सगळा धागा वाचला. दोनदा वाचला. मग गेल्या रविवारी आपल्या त्या वर्गमित्राच्या दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकं असताना ‘७२ तासांची गोळी दे’ म्हणाला. वर्गमित्राने दिली, बस, काही झालं नाही. ती आता कपाटात वरच्या खणात आहे, मुदत कधी संपते ते मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

पण आम्ही दोघांनी ठरवलंय की मुलगी मोठी होईपर्यंत तांबीच बसवू. अबोलीताई, पाळीच्या कितव्या दिवशी जाऊ? आणि खूप दुखतं का?

---

अबोली | रविवार, सकाळी ११:३०

पाळी चालू असताना किंवा संपता संपता गेलीस तर सोपं, पिशवीचं तोंड थोडं उघडं असतं आणि दिवस नाहीत याची खात्रीही असते. बसवताना पाच मिनिटं पाळीच्या मोठ्या कळीसारखं दुखतं, त्या दिवशी कंबर धरते. उपाशी जाऊ नकोस, नाश्ता करून जा, तासभर आधी दुखण्याची गोळी घे, आणि नवऱ्याला बरोबर ने, येताना एसटीत धक्के बसतात.

पहिले तीन महिने पाळीला रक्त जास्त जाईल, घाबरून काढायला जाऊ नकोस. महिन्याने तांबीचा दोरा तपासून घे.